ईथ० की ईएनपी३एस०?

निपाणीचा भाचा दुकानाच्या लिनक्स सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं लावतोय. कार्डांची नावं जुन्या पद्धतीची (‘ईथ०’) ठेवू की नव्या (‘ईएनपी३एस०’), इथे अडलाय.

लक्षात ठेवायला जुनं ‘ईथ०’ सोपं, यात वाद नाही. पण भरवशात ते हरतं: कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जे कार्ड आधी सापडेल त्याला शून्य नंबर. रीबूटनंतर क्रम उलटला, तर फायरवॉलचे (नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्याचे) नियम भलत्याच कार्डाला लागतात. बेळगावात एका कामावर हे मी भोगलंय, अख्खी रात्र गेली.

२०१३ पासून सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सांभाळणारं सॉफ्टवेअर) कार्डाच्या जागेवरून नाव देतं: ‘ईएनपी३एस०’ म्हणजे पीसीआय (मदरबोर्डला कार्डं जोडायची व्यवस्था) बस ३, स्लॉट ०. मात्र नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं तर बसचा आकडा सरकून नाव बदलू शकतं.

एकच कार्ड असेल, तर कर्नलला ‘नेट.आयएफनेम्स=०’ (net.ifnames=0) ही सूचना देऊन जुनं नाव खुशाल ठेवा. भाच्याकडे दोन आहेत. त्यानं नवंच ठेवावं.