घरात अडकलेल्या दिवशी काय आवरावे: औषधांचा डबा, कागदांचा खण, वायरींचा खोका की कपड्यांचे कपाट?

पाऊस, बर्फ, कडक ऊन किंवा घरातल्या कोणाचे आजारपण यांमुळे दिवसभर बाहेर पडता येणार नसेल, तर त्या वेळात घराचा एखादा कोपरा लावून घ्यावा असे अनेकांना वाटते. कोणता कोपरा निवडायचा हे ठरवताना बहुधा सर्वांत अस्ताव्यस्त जागेवर पहिली नजर जाते. अशा दिवशी मात्र तो निकष चुकीचा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेर पडता येत नाही म्हणजे नवे डबे आणता येत नाहीत आणि नको म्हणून बाजूला काढलेल्या वस्तूही त्या दिवशी घरातच राहतात. म्हणून टाकायच्या वस्तू एका पिशवीत मावतील का आणि काम अर्ध्यावर सोडावे लागले तरी रात्री घर नीट वापरता येईल का, या दोन कसोट्यांवर चारही कामे पारखून पाहावीत.

दोन्ही कसोट्यांवर औषधांचा डबा निर्विवादपणे पुढे आहे. तास-दीड तासात तो पूर्ण होतो, जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा त्याला पुरतो आणि चुकीचे किंवा जुने औषध घेतले जाण्याचा धोका त्यामुळे खरोखरच कमी होतो. मुदत म्हणून केवळ महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर ते औषध सामान्यतः त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत वापरता येते. डोळ्यांत घालायच्या थेंबांचा हिशेब मात्र वेगळा असतो. छापलेली मुदत बंद बाटलीसाठी असते. उघडलेली बाटली बहुतेक वेळा चार आठवड्यांत टाकून द्यायची असते आणि नेमकी मर्यादा वेष्टनावर दिलेली असते. त्यामुळे बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. जागा वाचते म्हणून सगळ्या गोळ्या काढून एका बरणीत भरण्याचा मोह टाळावा, कारण नाव आणि मुदत पाकिटावरच असते. पाकीट कापतानाही मुदत छापलेली कड शेवटपर्यंत राखावी. न्हाणीघरातील कपाट आणि शेगडीवरची फळी या औषधांसाठी सर्वांत वाईट जागा होत, कारण उष्णता आणि ओल या दोन्हींनी औषधे बिघडतात. बाद औषधे बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावीत आणि बाहेर पडता येईल तेव्हा, जिथे अशी सोय असेल तिथे, औषधाच्या दुकानात परत द्यावीत.

कागदांचा खण दिसायला औषधांच्या डब्याइतकाच लहान असतो, पण त्याला तिप्पट वेळ लागतो. औषधाचा निर्णय छापलेली तारीख देते. कागदाचा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि जुने पत्र हाती आले की ते वाचल्यावाचून राहवत नाही. त्यामुळे पहिल्या फेरीत काहीही न वाचता तीनच गठ्ठे करावेत: कायम ठेवायचे, विमा किंवा हमीपत्राप्रमाणे ठरावीक काळच ठेवायचे, आणि नको असलेले. प्रत्येक गठ्ठ्यासाठी मोठे पाकीट आधीच तयार ठेवले, तर काम मध्येच थांबवले तरी टेबल मोकळे करता येते. नको असलेल्या कागदांवर नाव, पत्ता किंवा खाते क्रमांक असेल, तर ते बारीक फाडूनच टाकावेत.

या कामाच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे, तो म्हणजे काही कागद नुसते पडून राहिले तरी नष्ट होतात. दुकानातील छापील पावत्या बहुधा उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर असतात. उजेडात आणि प्लास्टिकच्या पाकिटातही त्यांच्यावरची अक्षरे पुसट होत जातात. अशी पावती लॅमिनेट करायला गेल्यास सगळा कागदच काळा पडू शकतो. म्हणून हमीपत्राला जोडलेल्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. स्टेपलच्या पिना दमट हवेत गंजतात आणि जुने रबरबँड चिकट होऊन कागदालाच चिकटतात, तेव्हा तेही काढून टाकावेत.

वायरींचा खोका तासाभरात संपतो. त्यात वायरींबरोबर सुटे सेल आणि जुन्या बॅटऱ्याही पडलेल्या असतात. घरात लहान मूल असेल, तर मी तो औषधांच्या बरोबरीने पहिल्या क्रमांकावर ठेवेन, कारण नाण्याच्या आकाराचा बॅटरी सेल गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. असे सुटे सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड जमली असेल, तर ती उघड्या हाताने पुसू नये, ती त्वचेला दाहक असते. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि चार्जही करू नये.

कपड्यांचे कपाट हे सर्वांत मोहात पाडणारे काम आहे, आणि नेमके तेच बहुतेक वेळा पुढे ढकलावे असे मी सुचवेन. सगळे कपडे पलंगावर काढले, की ते परत लावून होईपर्यंत कोणाला आडवेही होता येत नाही. दान करायच्या कपड्यांची गाठोडी दाराशी पडून राहतात आणि चार दिवसांत त्यांतले निम्मे कपडे कपाटात परत जातात. पावसाळी दिवशी आणखी एक अडचण येते. घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेले लोकरी कपडे कसरीच्या अळ्यांना अधिक आवडतात, त्यामुळे ते धुतल्याशिवाय ठेवून देता येत नाहीत, आणि धुतले तर वाळत नाहीत. दमट हवेत कपडे हवाबंद पिशवीत भरल्यास ओल आतच कोंडून बुरशी येण्याची शक्यता वाढते. अडकण्याचे कारण कडक ऊन किंवा कोरडी थंडी असेल, तर ही हरकत उरत नाही. तरीही एका वेळी एकच कप्पा काढावा.

फक्त दुपार मोकळी असेल तर औषधे घ्यावीत, आणि लहान मुलांच्या घरात त्यांच्याबरोबर वायरीही. सकाळपासून पूर्ण दिवस हाती असेल आणि टेबल दुसऱ्या कोणाला लागणार नसेल, तर कागदांना हात घालावा. मात्र उजेड चांगला असतानाच सुरुवात करावी, म्हणजे पुसट पावत्यांचे फोटो वाचता येण्याजोगे येतील.