सदाशिव पेठेतली भाड्याची जागा: उन्हाळा ते दिवाळी

वाकडची टू बीएचके सोडून आम्ही मे महिन्यात पुण्याच्या सदाशिव पेठेत आलो, नागनाथ पाराच्या बाजूला. आता दिवाळी उरकली. उन्हाळा, पावसाळा, गणपती, लक्ष्मी रस्त्यावरची खरेदीची गर्दी, सगळं भोगून झालंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही. घरात मी, नवरा, सातवीतली लेक आणि सासूबाई. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते: पायी फिरणाऱ्याला पेठ म्हणजे सुख, चाकावर जगणाऱ्याला शिक्षा.

आधी जागा. वाडा पाडून नव्वदच्या दशकात बांधलेली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाडं वाकडपेक्षा थोडं कमी, जागा मात्र निम्मी. गॅलरीतून हात लांब केला तर समोरच्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलला लागेल. ऊन साडेदहाच्या सुमारास आत येतं आणि आमची जेवणं व्हायच्या आत निघून जातं. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस दमट. गच्ची आहे, पण तिची किल्ली पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे, आणि किल्ली कुणी किती वाजता नेली ते काका वहीत लिहितात. माणूस चांगला आहे तसा.

जागा मिळायलाही वेळ लागला. फॅमिलीला द्यायला मालक फारसे उत्सुक नसतात. कारण साधं आहे: एमपीएससीची मुलं. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-नगरकडून आलेली हजारो मुलंमुली राहतात, कॉट बेसिसवर. एका खोलीत तीन कॉट लावल्या की मालकाला कुटुंबाच्या भाड्यापेक्षा जास्त सुटतात. ज्यांनी आम्हाला दाखवली त्यातल्या निम्म्या मालकांनी आधी आम्ही 'व्हेज' आहोत का ते विचारलं. एकाने तर फ्रीज केवढा आहे हेही विचारलं. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्येही हीच मुलं आहेत. येण्याआधी धास्ती होती, पण इमारतीतले सगळ्यात शांत भाडेकरू तेच. सकाळी लवकर अभ्यासिकेत जातात ते रात्रीच उगवतात. दाराच्या कडीला मेसचे डबे अडकवलेले असतात, त्यावरून कोण घरात आहे ते कळतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद, त्यामुळे त्या दिवशी गल्लीतली अंडाभुर्जीची गाडी आणि पोह्यांचा स्टॉल इथे उभं राहायला जागा नसते. आपण काही आणायला जायचं ठरवलं असेल तर रविवार सोडून जावं. पावसाळ्यात एकदा निकाल लागला तेव्हा जिन्यात गुलाल पडला आणि त्याच रात्री शेजारच्या खोलीतला एक मुलगा बॅग भरून गावी गेला. ज्याचा गुलाल होता तो आणि हा, दोघंही एकाच अभ्यासिकेत बसणारे. लेक बरेच दिवस गावी गेलेल्याबद्दल विचारत होती.

आता पार्किंग. मालक म्हणाले होते, "पार्किंग आहे." आहे, म्हणजे जिन्याखालच्या बोळात टू-व्हीलर घुसवायची. आपली ॲक्टिव्हा सगळ्यात आत असेल तर सकाळी तीन गाड्या मागे ओढायच्या, त्यातल्या एकीला हँडल लॉक. मग त्या गाडीवाल्याला हाक, तो आंघोळीला गेलेला. रस्त्यावर लावायची तर पी-१, पी-२: विषम तारखेला या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. रोज रात्री झोपण्याआधी तारीख आठवायची. ३१ आणि नंतरची १ या लागोपाठ विषम येतात, त्या रात्री गाडी हलवावी लागत नाही. त्याचाही आनंद होतो, इथवर आमची मजल गेली आहे.

एखाद्या सकाळी तारीख चुकलेल्यांसाठी टोइंगची गाडी येते. स्पीकरवरून नंबर पुकारतात, "एमएच बारा, पांढरी ॲक्टिव्हा..." आणि सगळी गल्ली गॅलरीत. खालच्या काकू एकदा कणकेच्या हातांनी पळाल्या, किल्ली पदरात धरून. सोडली त्यांची गाडी. हात बघून सोडली, असं त्यांचं म्हणणं.

कार दिराकडे कोथरूडला ठेवलीय. कारने कुठे जायचं असेल तर आधी कोथरूडला रिक्षाने जावं लागतं. नवरा अजून तिचा हप्ता भरतो.

पण हाच नवरा पूर्वी वाकडहून पिंपरीला ऑफिसला कारने जायचा आणि वैतागून यायचा. आता मंडईपर्यंत चालत, तिथून मेट्रो, थेट पिंपरी. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला नसता तर पेठेत यायचा विचारही आम्ही केला नसता. डेक्कन-वनाजच्या बाजूला जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. घरापासून मंडई स्थानकापर्यंतचा रस्ता हीच काय ती परीक्षा: बाजीराव रस्ता ओलांडायचा. एकेरी असल्यामुळे गाड्या सुसाट येतात, आणि एकेरी असूनही उलट्या बाजूने एखादा येतोच. दोन्हीकडे बघूनच ओलांडायचं, हे लेकीला आल्या आल्या शिकवलं. फुटपाथ आहेत, पण त्यावर दुकानं, विजेच्या डीपीचे खोके आणि दुचाक्या. ११ डिसेंबरला पालिका लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करते. उरलेले दिवस कुणाचे, ते सांगायला नको.

पेठेचं खरं सुख मला घरातल्या मोडक्या वस्तूंनी दाखवलं. वाकडला मिक्सर बिघडला की कंपनीला फोन, मग 'टेक्निशियन येईल', मग नवा घ्या. इथे आल्यावर महिन्याभरात मिक्सरचं भांडं फिरेना. पिशवीत घालून खाली नेलं. एका जिन्याच्या तोंडाशी, अडीच फुटांच्या जागेत एक आजोबा बसतात. त्यांनी भांडं उलटं केलं, अंगठ्याने पातं फिरवून बघितलं, "कपलर गेलाय, बुश पण झिजलंय," म्हणाले, डब्यातून दुसरा कपलर काढून बसवला आणि मला विचारलं, "नारळ ओला घालता की सुका?" सुका म्हटल्यावर मान हलवली. तेव्हापासून खोबरं मी किसूनच घालते. कुकरची शिट्टी आणि गॅस्केट तुळशीबागेत, बटणं-वायरी तपकीर गल्लीत, नळाचे वॉशर, कडी-कोयंडे बोहरी आळीत, शाळेची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. छत्रीची काडी, बॅगेची चेन, साडीचा फॉल-पिको यासाठी तर गल्ली सोडावी लागत नाही. गाडी काढायची गरजच नाही, काढली तर उलट वेळ जास्त लागेल. १८८६ सालची मंडईची अष्टकोनी इमारत आमची भाजीवाली. सकाळी लवकर गेलं तर माल चांगला, आणि घासाघीस केली तर तुमचा अपमान ठरलेला.

सासूबाईंबद्दल मला जास्त काळजी होती. वाकडला अकराव्या मजल्यावर लिफ्ट होती, बाग होती, आणि त्या दिवसभर टीव्हीसमोर. खाली जाऊन करायचं काय, असं म्हणायच्या. इथे तीन मजले चढ-उतार, गुडघे दुखतात, उतरताना जास्त. तरी रोज खाली. भिकारदास मारुती आणि खुन्या मुरलीधर ही देवळं, भरत नाट्यमधलं एखादं नाटक, आणि १८४८ सालच्या पुणे नगर वाचन मंदिरातून कादंबऱ्या आणायला लेकीला पाठवणं. पण गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं तर त्या जिन्याचं काय करायचं, याचं उत्तर आमच्याकडे नाही. तुमच्या घरी वयस्कर माणूस असेल तर लिफ्टशिवाय घेऊ नका. आमच्या सासूबाई हट्टी आहेत म्हणून चाललंय.

पाण्याची तक्रार नाही. वाकड ज्यात येतं त्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी, शिवाय सोसायटीचे टँकर. इथे पर्वतीची टाकी जवळ, पाणी रोज. फक्त पेपरात 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' हे वाचायची सवय ठेवायची. कचरा न्यायला ताई वेळेवर येतात.

आवाज. सगळे गणपतीचं विचारतात. गणपतीच्या आधी महिनाभर ढोल-ताशाचा सराव, मग रस्त्यात मांडव, शेवटच्या दिवशी आम्ही अक्षरशः कोंडीत. विसर्जन मिरवणूक लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर रस्त्याने जाते, म्हणजे सदाशिव पेठेच्या आतून आणि आजूबाजूने. अलीकडे ती २८ तासांच्या खाली उरकत नाही. सीओईपीचे (पुण्यातलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज) विद्यार्थी दरवर्षी चौकाचौकांत डेसिबल मोजतात. निवासी भागाला कायद्याची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. इथे रात्री शोकेसच्या काचा वाजत होत्या. सकाळी बेलबाग चौकात उभं राहून मानाचे पाच गणपती बघितले, अंगावर काटा आला, आणि मध्यरात्री त्याच उत्सवाला शिव्या घातल्या. दोन्ही खरं. दूध, औषधं, सिलिंडर आदल्या दिवशीच भरून ठेवा.

पण गणपतीची तारीख तरी ठाऊक असते. ज्याने झोप उडवली ते बांधकाम. मागच्या बाजूचा वाडा पाडला. धुळीने घर भरलं, हातोडे सुरू झाले, तेही एक वेळ चालेल. स्लॅबचे काँक्रीटचे ट्रक मात्र रात्री येतात, कारण दिवसा पेठेत जड वाहनांना बंदी. गल्ली इतकी अरुंद की ट्रक रिव्हर्स घेत घेत आत यायला अर्धा तास, आणि तेवढा वेळ त्याचा रिव्हर्सचा भोंगा आमच्या उशाशी. तक्रार करायला गेलो, दिवसा आणायला परवानगी नाही असं उत्तर मिळालं. बरोबरच होतं, म्हणून आणखी राग आला. आणि असे पडायच्या रांगेतले वाडे आमच्या दोन गल्ल्यांत बरेच आहेत.

तेव्हा जागा बघायला येणार असाल तर संध्याकाळी सातला या, दुपारी नको. दुपारी पेठ झोपलेली असते आणि सगळं छान वाटतं. आजूबाजूला पत्रे ठोकलेला किंवा भाडेकरू हललेला वाडा आहे का ते बघा, असेल तर पुढची दोन वर्षं तुमची रात्र त्या बिल्डरच्या हातात. पाणी किती वाजता येतं आणि पंप कोण चालू करतं ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नको. मालक "पार्किंग आहे" म्हणाले तर खाली नेऊन जागेवर बोट ठेवायला लावा. आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते करार करायच्या आधी विचारून घ्या. आमचा करार एप्रिलमध्ये संपतोय, मालकांना आत्ताच सांगून ठेवलंय की अजून अकरा महिने हवेत. कारला गिऱ्हाईक बघतोय.