पाटपाण्याच्या जुन्या दप्तराचे जतन: एका सेवेबद्दल

आमच्या पाणीवापर संस्थेच्या कपाटातील पाळीपत्रके (पाटाचे पाणी कुणाला कधी घ्यायचे, म्हणजे कुणाची पाळी केव्हा, याची वेळापत्रके), ठरावांच्या वह्या आणि पाटांचे नकाशे जतन करण्याचे काम आम्ही एका खासगी सेवेकडे सोपवले होते. त्यांची दुरुस्ती उत्तम आहे. दप्तराची समज मात्र कच्ची आहे.

जीर्ण पाने लॅमिनेट करून मिळावीत, असा आमचा आग्रह होता. त्यांनी तो साफ नाकारला आणि ते योग्यच झाले, कारण उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता सहसा निघत नाही आणि कागदातले आम्लही आतल्या आत आपले काम करत राहते. फाटलेल्या कडा त्यांनी पातळ जपानी कागद व गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून सांधल्या. लोहयुक्त शाईने जाळलेल्या पानांवर मात्र ओलावा शक्य तितका टाळला, कारण पाण्याबरोबर शाईतले लोह आजूबाजूला पसरते. निळ्या छापाचे नकाशे त्यांनी अल्कधर्मी लिफाफ्यांत ठेवले नाहीत, कारण अल्कामुळे तो निळा रंग फिका पडतो. हे आम्हाला कुणी सांगितले नसते.

स्कॅनिंगची पहिली खेप करड्या छटांत आली. आमच्या वह्यांत नेमून दिलेली पाळी काळ्या शाईत आणि आपसांत केलेली अदलाबदल लाल शाईत लिहिलेली आहे. स्कॅनमध्ये दोन्ही सारखीच दिसू लागली. तक्रार केल्यावर त्यांनी सर्व पाने ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके), रंगीत टिफ या चित्र-फाइलच्या स्वरूपात, जादा पैसे न घेता पुन्हा स्कॅन केली.

खरी चूक टाचण्यांची झाली. गंजलेल्या टाचण्या काढायलाच हव्या होत्या, परंतु त्यांनी पानांना टाचलेल्या चिठ्ठ्या कोणत्या पानावरच्या याची नोंद न करता ‘सुटे कागद’ म्हणून एकाच पाकिटात भरल्या. पाळी का बदलली, पाट फुटल्यामुळे की घरातल्या मयतामुळे, हे त्या चिठ्ठीतच असते; पानापासून तुटलेली चिठ्ठी वादाच्या वेळी काहीच सिद्ध करत नाही. शेवटी चिठ्ठीवरचा आणि पानावरचा गंजाचा डाग व टाचणीची छिद्रे जुळवत आम्ही दोघेजण चार रविवार बसलो. अकरा चिठ्ठ्यांची पाने अजून सापडलेली नाहीत.