टॉकबॅक आणि उतारवयातली बोटं

अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारी सोय, २००९ साली अँड्रॉइड १.६ बरोबर आला. त्याच्या सुरुवातीच्या घडणीत टी. व्ही. रामन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या संगणकशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. सरावलेला अंध माणूस त्यावर फोन सफाईने चालवतो, त्याबद्दल वाद नाही. पण काचबिंदूने सत्तरीत नजर गेली, ब्रेल येत नाही, बोटं थोडी थरथरतात, अशा माणसाला तो कितपत जमतो? आमच्या मते चांगला जमतो, फक्त मूळ सेटिंगवर तसाच हातात ठेवू नये.

पहिला गोंधळ स्पर्शाचा. टॉकबॅक चालू झाला की एका टॅपने काहीच उघडत नाही. बोटाखाली काय आहे ते फक्त वाचलं जातं आणि उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. हे माहीत नसलेल्याला फोन अडकला असंच वाटतं. चुकून चालू झाला असेल तर आवाजाची दोन्ही बटणं ३ सेकंद दाबून तो बंद होतो, मात्र हा शॉर्टकट ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये आधीच लावलेला हवा. फोन हाती देण्याआधी तेवढं तपासाच.

दोन टॅपमध्ये फार तर सुमारे ३०० मिलिसेकंदांचं अंतर चालतं. सांधे आखडलेल्या बोटांना ते गाठता येत नाही, मग दोन सुटे टॅप धरले जातात आणि माणूस आणखी जोरात दाबू लागतो. जोराचा उपयोग शून्य, कारण काच दाब मोजतच नाही. अशा वेळी टॉकबॅकच्या सेटिंगमधलं सिंगल-टॅप ॲक्टिव्हेशन चालू करावं. मग निवडलेल्या बटणावर पुन्हा एकदा सावकाश टॅप केला तरी पुरतं. इतकी गरजेची सोय ॲडव्हान्स्ड सेटिंगच्या तळाशी का पुरून ठेवली आहे, हे आम्हाला खरोखर कळत नाही. दुहेरी टॅप जमत असेल त्यांना पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट म्हणजे तो बटणावरच पडायला हवा असं नाही. उजवीकडे स्वाइप करत हव्या बटणाचं नाव ऐकू आलं की स्क्रीनवर कुठेही दोनदा टॅप करा. नेम धरायची कटकटच संपते.

मग आवाज. टेक्स्ट-टू-स्पीच या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सेटिंगमध्ये मराठी निवडून तिचा व्हॉइस डेटा उतरवून घ्या. भाषा इंग्रजीच राहिली तर देवनागरी मजकूर धड वाचला जात नाही, कधी गाळलाच जातो, आणि ऐकणाऱ्याला मेसेज रिकामा वाटतो. वेग कमी करणं बहुतेकांना सुचतं, पट्टी खाली आणणं सुचत नाही. वयानुसार वरच्या पट्टीतले ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून पिचचा स्लायडर थोडा डावीकडे सरकवला की शब्द जास्त स्पष्ट लागतात. टॉकबॅकच्या बोलण्याचा आवाज गाण्यांच्या आवाजाहून वेगळा असतो. तो बोलत असतानाच व्हॉल्यूमचं बटण दाबलं तर बदलतो.

ओटीपी हा खास त्रासाचा भाग. सहा आकडी ओटीपी पुष्कळदा लाखांतली संख्या म्हणून वाचला जातो आणि कानाने तो टिपणं अशक्य होतं. तीन बोटं वर किंवा खाली सरकवून वाचन नियंत्रण, म्हणजे एका स्वाइपला किती वाचायचं ते, ‘अक्षरे’वर आणा, मग एका बोटाने खाली स्वाइप करत एकेक आकडा ऐका. याला वेळ लागतो. सिस्टीममधली ‘टाइम टू टेक ॲक्शन’ ही सेटिंग २ मिनिटांपर्यंत नेता येते, पण ती पटकन नाहीशा होणाऱ्या सूचनांपुरती आहे आणि तीही सगळी ॲप पाळत नाहीत. ॲपने स्वतःच ३० सेकंदांची मुदत घातली असेल तिथे टॉकबॅकही हतबल.

टायपिंगबद्दल थोडक्यात: जोडाक्षरं एकेक शोधत बसण्यापेक्षा बोलून लिहिणं बरं.

उरलेला दोष ॲप बनवणाऱ्यांचा. नुसतं चित्र असलेल्या बटणाला कंटेंट डिस्क्रिप्शन, म्हणजे वाचून दाखवायचं नाव, दिलं नसेल तर टॉकबॅक त्याला ‘लेबल नसलेलं बटण’ म्हणतो. अशी चार बटणं ओळीने आली की पैसे पाठवायचं कोणतं आणि रद्द करायचं कोणतं, हा जुगार होतो. तीन बोटांच्या टॅपने उघडणाऱ्या टॉकबॅक मेन्यूतून अशा पुष्कळ बटणांना आपण स्वतः नाव देऊ शकतो. डोळस नातेवाइकाने अर्धा तास बसून रोजच्या दोन-तीन ॲपांत हे करून द्यावं. पण आपोआप सरकणारे बॅनर आणि दर वेळी आकड्यांची जागा बदलणारा पिन पॅड यांवर वापरणाऱ्याच्या हाती इलाज नाही. ॲप बनवणाऱ्यांनी टॉकबॅक मेन्यूतून स्क्रीन झाकावी, म्हणजे दिसेनाशी करावी, आणि स्वतःच्या ॲपमधून एक व्यवहार शेवटपर्यंत करून पाहावा. जिथे बोट अडेल ती जागा त्याच दिवशी दुरुस्तीला घ्यावी.