एक स्क्रीन, दोन तलवारी: जुने को-ऑप हॅक अँड स्लॅश गेम आठ महिने खेळल्यानंतर

या आठ महिन्यांत दोन ते चार जणांनी मिळून खेळलेले हॅक अँड स्लॅश (शत्रूंच्या झुंडी कापत पुढे जायचे) गेम असे: 'बाल्डर्स गेट: डार्क अलायन्स' (मूळ २००१ चा, नव्या कन्सोलवर २०२१ मध्ये परत आलेला), 'डायब्लो २' जुना आणि नवा दोन्ही, 'टॉर्चलाइट २', 'गाँटलेट', 'गोल्डन अ‍ॅक्स', आणि तुलनेसाठी 'पाथ ऑफ एक्झाइल २'. तपासायचं होतं ते एवढंच की या गेमची जी ओढ लागते ती खरंच गेमची आहे की ते पहिल्यांदा खेळले त्या वयाची.

गेमची आहे. आणि ती नेमकी कुठे आहे हेही सांगता येतं. जिथे गेम दोघांना एकमेकांशी बोलायला भाग पाडतो तिथे ती आहे. स्क्रीन एकच, लूट (मारलेल्या शत्रूंकडून पडणाऱ्या वस्तू) एकच, खाणं एकच. हा जाच काढून टाकला की मागे उरतं ते शेजारी बसून एकट्याने खेळणं.

'गाँटलेट' १९८५ चा. आर्केड मशीनसमोर चौघं उभे, आणि प्रत्येकाची हेल्थ काही न करता उभं राहिलं तरी सेकंदासेकंदाला उतरत जाते. जमिनीवर खाणं पडलेलं असतं, ते जो पोचेल त्याचं. घाईत गोळी लागली तर काही खाणं फुकट जातं, कुणालाच मिळत नाही. म्हणून पुढे जाण्याआधी कुणाची हेल्थ किती हे मोठ्याने विचारावंच लागतं. सगळ्या खेळाचा कणा एवढाच आहे आणि तो आजही जराही झिजलेला नाही.

'गोल्डन अ‍ॅक्स'मध्ये (१९८९) तलवार जोडीदारालाही लागते. दोघांनी एकाच शत्रूला समोरासमोर उभं राहून मारायला घेतलं की अर्धे घाव एकमेकांवर पडतात. एकाने वरची बाजू धरायची, दुसऱ्याने खालची, आणि मधे आलेल्याला ज्याच्याकडे त्याचं तोंड नाही त्याने मारायचं. जादूच्या सुरया कुणी उचलायच्या हेही आधी ठरवा. टायरिसच्या जादूच्या पायऱ्या सहा, अ‍ॅक्स बॅटलरच्या चार आणि बुटक्या गिलियसच्या तीन. गिलियसची जादू तीन पायऱ्यांतच संपते, त्यामुळे त्याने सुरया गोळा करत बसण्यात अर्थ नाही. जोडीत टायरिस असेल तर सुरया तिच्यासाठी सोडा.

सर्वात जास्त वेळ गेला तो 'डार्क अलायन्स'वर. धनुर्धर वान, जादूगार अ‍ॅड्रियाना आणि बुटका योद्धा क्रॉमलेक यांतून दोघं निवडायचे, आणि कॅमेरा दोघांत मिळून एकच. शहराखालच्या गटारांत याचा अर्थ कळतो. क्रॉमलेक अरुंद बोगद्यात पुढे घुसतो, वान मागे वळून एका पेटीकडे जातो, आणि स्क्रीनची कड दोघांनाही धरून ठेवते. क्रॉमलेकचे पाय चालत राहतात पण तो जागचा हलत नाही. समोर तीन शत्रू, त्याला मागे यायला जागा नाही, आणि वानला बाण सोडायला सरळ रेषा नाही. असं मरण पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा येतं. उपाय साधा: पुढच्याने कोपऱ्यावर थांबायचं, पेटी फोडणाऱ्याने आधी सांगायचं, आणि कॅमेरा फिरवायचं काम एकाकडेच द्यायचं. दोघांनीही फिरवायला घेतला तर दिशाच कळेनाशी होते. उडी मारून ओलांडायच्या जागी दोघांनी लागोपाठ उड्या माराव्यात. एक जण काठावर रेंगाळला की दुसरा हमखास खाली जातो.

वजनाची मर्यादा ताकदीवर ठरते, म्हणून विकायची चिलखतं क्रॉमलेकने उचलायची. रिकॉल पोशन (परत नेणारं औषध) दोघांत मिळून किमान एक तरी राखून ठेवा. ते नसेल तर माल भरलेला, हेल्थ संपलेली आणि परतीची वाट लांब, अशी गत होते. सेव्ह ठरावीक जागीच होतो, त्यामुळे खेळ आवरायच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीच सेव्हच्या जागेकडे निघावं. दुकानात मात्र खरोखर कंटाळा येतो. एक जण भाव बघत बसतो आणि दुसऱ्याला हातात कंट्रोलर धरून पाहत राहावं लागतं. नव्या आवृत्तीत चित्र स्वच्छ झालंय, पण मेनू तेच आहेत आणि ऑनलाइन खेळायची सोय नाही.

'डायब्लो २'चं (२०००) गणित वेगळं आहे आणि ते माहीत नसलं की जोडी उगाच मार खाते. गेममध्ये जितके खेळाडू, तितकं शत्रूंचं आयुष्य वाढतं: प्रत्येक जादा खेळाडूमागे मूळच्या ५० टक्के. दोघांना दीडपट, चौघांना अडीचपट, आठ जणांना साडेचारपट. यात गावात उभं राहून पिशवी लावणाराही मोजला जातो. म्हणजे चौथा मित्र गावात चहा पीत बसला असेल तर बाहेरचे तिघं चौघांचे शत्रू मारत असतात. अनुभवाचा वाटा मिळायला मात्र जवळ असावं लागतं. त्यामुळे सगळे एकदम बाहेर पडा, एकदम परत या.

लूट इथे ज्याने आधी क्लिक केलं त्याची. भांडणं यावरूनच होतात, आणि आमच्या मते यातच गेमचा जीवही आहे. टिकलेला नियम असा: रून (वस्तूंत बसवायचे जादूचे दगड) आलटून पालटून, एखाद्या वर्गाचीच (पात्राच्या प्रकाराचीच) वस्तू असेल तर त्या वर्गाच्या खेळाडूची, आणि सोन्याच्या ढिगावर कुणी बोलायचं नाही. मेल्यावर सामान प्रेतावरच राहतं. तेव्हा बाकीच्यांनी आधी शत्रू बाजूला ओढायचे आणि मगच मेलेल्याने धावत यायचं. बोडक्या अंगाने एकट्याने धावणाऱ्याचं दुसरं प्रेत पहिल्याच्या शेजारी पडतं.

जुना 'डायब्लो २' घरच्या नेटवर्कवर चालवायचा तर सगळ्यांची आवृत्ती एकच हवी, १.१४ डी. एकाने मल्टीप्लेअरमधून टीसीपी-आयपी (मशीन थेट एकमेकांना जोडायची सोय) निवडून होस्ट, म्हणजे गेम चालवणारा, व्हायचं, बाकीच्यांनी त्याच्या मशीनचा आयपी पत्ता टाकायचा. जोडणी होत नसेल तर बहुतेक वेळा होस्टच्या फायरवॉलने पोर्ट ४००० अडवलेला असतो. २०२१ च्या नव्या आवृत्तीत, 'रिसरेक्टेड'मध्ये, सोनं आपोआप उचललं जातं, स्वतःच्या सगळ्या पात्रांना सामायिक पेटी आहे, कंट्रोलर छान चालतो. पण टीसीपी-आयपी काढून टाकलंय आणि एका स्क्रीनवर दोघांची सोयही नाही. एका खोलीत बसून खेळणाऱ्यांसाठी ही पुढची नव्हे, मागची पायरी आहे.

'टॉर्चलाइट २' (२०१२) तांत्रिकदृष्ट्या सर्वात बिनबोभाट. सहा जणांपर्यंत, लॅनची (घरच्या नेटवर्कची) सोय, आणि पाळीव प्राण्याला माल देऊन विकायला गावात पाठवता येतं. लूट प्रत्येकाची वेगळी पडते, त्यामुळे भांडण नाही, आणि त्यामुळेच तासभर कुणी कुणाशी बोलत नाही. 'पाथ ऑफ एक्झाइल २' एका मशीनवर दोघांना खेळू देतो, ही आजच्या काळात मोठीच गोष्ट. पण अक्षरं बारीक आहेत, आणि कौशल्यांचं जाळं इतकं मोठं की एकाचं वाचून होईपर्यंत दुसऱ्याचा उत्साह मावळतो.

आता सामानाबद्दल, कारण अर्ध्याहून जास्त संध्याकाळी तिथेच बिघडतात. पीसीवर एकच कंट्रोलर दोन्ही पात्रं हलवू लागला, तर स्टीम इनपुट (स्टीम या गेम-अ‍ॅपची कंट्रोलर व्यवस्था) आणि गेमची स्वतःची कंट्रोलर व्यवस्था अशी दुहेरी नोंद होत असते. त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद करून पाहा. वायरलेस रिसीव्हर यूएसबी ३ पोर्टमध्ये असेल आणि शेजारी हार्ड डिस्क चालू असेल, तर २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो आणि बटण मधूनच दाबलं जात नाही. रिसीव्हर यूएसबी २ मध्ये लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने पुढे आणा. जुन्या कंट्रोलरची काडी (स्टिक) हात न लावता सरकते. या गेममध्ये पात्राचं तोंड जिकडे तिकडेच घाव जातो, त्यामुळे तो दोष इथे जास्त छळतो. डेड झोन (काडीची जेवढी हालचाल गेमने मोजायची नाही तेवढी) १० ते १५ टक्के ठेवला की भागतं. टीव्हीवर गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारा) लावल्याशिवाय ढालीचा वेळ जमत नाही.

मूळ प्लेस्टेशन २ वर खेळणार असाल तर स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टरऐवजी कंपोनंट केबल घ्या, अर्थात टीव्हीला ते पोर्ट असेल तर. 'चॅम्पियन्स ऑफ नोराथ' (२००४) चौघांनी खेळायला मल्टिटॅप (जादा कंट्रोलर जोडायचा अडॅप्टर) लागतो. जाड आणि स्लिम मॉडेलचे मल्टिटॅप वेगळे असतात, घेण्याआधी तो आपल्या मॉडेलचा आहे का ते बघून घ्या.

मित्र दुसऱ्या गावी असेल तर स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर (२०१९ पासून) हा एक मार्ग. गेम फक्त होस्टकडे असला की पुरतो. होस्टची स्क्रीन व्हिडिओ म्हणून जाते, म्हणून सगळा भार त्याच्या अपलोडवर पडतो. त्याने वायफाय सोडून केबल लावावी, आणि चित्र अडखळत असेल तर ७२०पी रिझोल्यूशनवर उतरावं. लांबच्या मित्राला ढाल-तलवारीचं पात्र देऊ नका, उशिराने दिसणाऱ्या घावाला तो ढाल लावू शकत नाही. 'डार्क अलायन्स'मध्ये त्याला वान द्या. बाण थोडा उशिरा सुटला तरी लागतो.