स्वादुपिंडाची सूज: कुत्र्याची गोष्ट वेगळी, मांजराची वेगळी

कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज आली की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काल काय खाल्लं?" मटणाची चरबी, तळलेले पदार्थ, कचऱ्याच्या डब्यातलं उष्टं. कुत्र्यात तेलकट खाण्याशी असलेला संबंध बऱ्यापैकी स्पष्ट आहे. लठ्ठपणा, मधुमेह, थायरॉईडची कमतरता यांनीही धोका वाढतो. मिनिएचर श्नाउझर जातीत रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढलेले असण्याची प्रवृत्तीच असते. त्याला भज्याचा तुकडासुद्धा देऊ नये. फिट्ससाठी पोटॅशियम ब्रोमाइड चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

मांजरात हा हिशेब लागत नाही. तेलकट खाण्याचा ठोस संबंध दिसलेला नाही, बहुतेकदा कारण सापडतच नाही. पण तिची शरीररचना बघा: स्वादुपिंडाची नलिका आणि पित्तनलिका आतड्यात उघडण्याआधीच एकत्र येतात. त्यामुळे पित्तमार्ग, आतडं आणि स्वादुपिंड अशा तिन्ही ठिकाणी एकदम सूज आढळू शकते.

कुत्रा बहुधा उलट्या करून, पोट आखडून दुखणं दाखवतो. मांजर नुसती कोपऱ्यात बसून राहते, जेवत नाही. मला मांजराचीच काळजी जास्त वाटते. थोड्या दिवसांच्या उपासानेही तिच्या यकृतात चरबी साचू लागते, म्हणून "खाईल उद्या" म्हणत थांबू नका.