लक्ष्मणराव आणि धीरूभाई: पहिल्या नोकरीची शिदोरी

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंगांधळेपणा आडवा आला, म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत तेच शिकवू लागले. यंत्रावर हात बसला तो तिथे. बढतीत डावललं, तशी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. आधी सायकली, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणत शेतकरी नांगर घेईनात (आज हसू येतं!), तरी हे चिकटून राहिले.

धीरूभाई अंबानी गुजरातमधल्या चोरवाडच्या शिक्षकाचा मुलगा. येमेनमधल्या एडन बंदरात नोकरी केली, शिकले मात्र बाजार. १९५८ला परतून आधी मसाल्यांचा आणि सुताचा व्यापार, कारखाना नंतर.

खिसा हलका असेल तर मला धीरूभाईंचा क्रम बरा वाटतो: आधी गिऱ्हाईक, मग यंत्र. वस्तूच नवी असेल तर मात्र लक्ष्मणरावांसारखा कारागिराचा हात हवा.